धार

नव्या रस्त्याची आखणी करायला ओरेस्ट दक्षिणेकडच्या विनिपेग शहरातून आमच्या वस्तीवर आला. त्याच्याकडे विमानातून काढलेल्या फोटोंची चळत होती. वस्तीच्या प्रमुखाने त्याच्यासोबत वाट दाखवायला मला, डॉरकस बीअर्डीला, दिलं. तळ्यापलीकडच्या रानात आधी माझा बाप सापळे लावायचा, तो गेल्यावर मी लावते.

ओरेस्टने फोटोवर पट्टी ठेवली आणि सरळ रेघ ओढली.

"इथं दलदल आहे," मी म्हटलं.

"मावशी, झाडं दिसतायत की चांगली. दाट आहेत."

"काळे स्प्रूस आहेत ते. जाडी माझ्या मनगटाएवढी आणि वय माझ्या आजीएवढं. त्यांच्या खाली शेवाळ, शेवाळाखाली पाणी आणि त्याखाली उन्हाळ्यातही न वितळणारं बर्फ."

"मग तुम्ही लोक जाता कुठून?"

"धारेवरून."

धार म्हणजे वाळू आणि खडीची लांब, अरुंद टेकडी. उघड्या ग्रॅनाइटच्या आणि दलदलीच्या मधून नदीसारखी वळत जाते. वर पाइन, खाली पांढरं दगडफूल. कॅरिबू हरणांचे कळप तिच्यावरूनच चालतात, पानगळीच्या दिवसांत आमचे तंबूही तिच्यावरच.

"वळणं फार आहेत," तो म्हणाला. "अंतर दीडपट होईल."

"होऊ दे. कोरडं तर राहील!"

तो हसला. रेघ होती तिथंच राहिली.

तिसऱ्या दिवशी आमची साखळीपट्ट्यांची गाडी दारापर्यंत शेवाळात गेली. ती काढायला पाच दिवस लागले. ओंडके तोडायचे, पट्ट्यांखाली सारायचे, दोर ओढायचा, आणि ओंडके गडप झाले की पुन्हा पहिल्यापासून. माश्यांनी कानामागे चावून रक्त काढलं.

"हे पाणी नव्हतं का रे तुझ्या फोटोत?" मी विचारलं.

"टोमणे नंतर मारा, मावशी. आधी तो ओंडका ढकला."

ढकलला. पण तेव्हापासून तो ऐकायला लागला. पुढचे अकरा दिवस आम्ही धारेवरून पायी फिरलो. तो जागोजागी खड्डे खणून खडीचे नमुने पिशव्यांत भरायचा आणि निम्म्या पिशव्या मी पाठीवर घ्यायची. झाडांवरून जमीन ओळखायलाही तो शिकला. शेवटी माझ्यासमोर त्याने जुनी रेघ खोडली आणि धारेच्या वळणांवरून नवी काढली. मी वस्तीभर सांगत सुटले, रस्ता धारेवरून जाणार म्हणून.

हिवाळ्यात मोठे इंजिनिअर सभा घ्यायला आले. नकाशावर रस्ता पुन्हा सरळ, दलदलीतून. धार मात्र लाल रंगवलेली.

"हे लाल काय?" मी विचारलं.

"खडीची खाण. दलदलीत भराव घालायला इतकी चांगली खडी आसपास दुसरीकडे नाही. नमुने उत्तम निघाले."

"म्हणजे कोरडी वाट खणायची आणि पाण्यात ओतायची?"

"बाई, सरळ रस्त्याने वस्तीचाच वेळ वाचणार आहे."

काही लोकांनी माना डोलावल्या. ओरेस्ट मागच्या खुर्चीवर खाली मान घालून बसला होता. बाहेर मी त्याला गाठलं.

"मी लिहून दिलं होतं, मावशी. दोनदा."

"मग तिसऱ्यांदा लिही."

"आता माझ्या हातात काही नाही."

"पिशव्या होत्या ना तुझ्या हातात!" मी ओरडले. पण निम्म्या तर माझ्याच पाठीवर होत्या.

तीन उन्हाळे ट्रक चालले. रस्ता झाला. वरच्या भरावाच्या उबेने खालचं बर्फ वितळू लागलं आणि रस्ता दर जूनमध्ये खचू लागला. तो खचला की आणखी खडी. धारेचा मोठा तुकडा आता नाहीच, तिथं हिरव्या पाण्याचे खड्डे आहेत. कॅरिबू इकडे उतरत नाहीत.

गेल्या साली रस्त्याचे लोक माझ्या दाराशी आले. दुसरी अशी टेकडी कुठं आहे, म्हणाले. उत्तरेला आहे, तिथं दगडफुलात घोटा बुडतो. "मला माहीत नाही," म्हणून मी दार लावून घेतलं.

माझा धाकटा भाऊ इलायजा त्याच रस्त्यावर ट्रक चालवतो. दोनदा त्याचा ट्रक कलंडता कलंडता वाचलाय. त्याने त्यांना ती टेकडी दाखवली.

"रोज मला जावं लागतं त्या रस्त्यानं, ताई, तुला नाही," तो म्हणाला.

मी दोन महिने त्याच्याशी बोलले नाही. मग बोलले. घरात दुसरं कोण आहे?