मागच्या दाराचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे. अंगाने जाड आणि स्वभावाने हट्टी. मला घडवणारा कारागीर कौतुकाने म्हणाला होता, "किल्लीशिवाय हे ब्रह्मदेवालाही उघडायचं नाही!" त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षे फुगून होते.

मला एका शिवण कारखान्याच्या मागच्या दाराला लावले. चोरांना बाहेर ठेवायचे, एवढेच मला ठाऊक. पण इथे कामाची घंटा झाली की मला बाहेरून लावत, आणि माणसे आत! बाया कापडाचे तुकडे पळवतात, असा मालकांना संशय. किल्ली त्यांच्याच खिशात असे. काजे करणारी मावशी आत शिरताना माझ्या तोंडात मशीनच्या तेलाचा थेंब सोडी आणि म्हणे, "जाडोबा, तू कुरकुरू नकोस बाबा, ते आमचं काम आहे."

राखणदारमामांनी एकदा मालकांना विचारले, "साहेब, आत आगबीग लागली तर?"

"शुभ बोल नाऱ्या! अहो मामा, माझे मेव्हणे मंत्री आहेत. तपासणीवालेसुद्धा चहा पिऊन जातात. तुम्ही दार सांभाळा."

एका दुपारी खरेच आग लागली. पुढचा जिना धुराने भरला, तशा सगळ्याजणी माझ्याकडे धावल्या. मालक मेव्हण्यांकडे जेवायला गेलेले. मामांनी दगड उचलला आणि माझ्यावर घाव घातले. त्यांचे हात सोलले, पण मी मोडले नाही. "मामा, उघडा हो!" मावशी आतून ओरडत होती. मग तिचा आवाज थांबला. तेवढ्यात मालक आले, त्यांनी मामांच्या हातात किल्ली कोंबली. मी लगेच उघडले. मावशी उंबऱ्यातच पडली होती, ती पुन्हा उठली नाही.

पोलीस आले तेव्हा किल्ली मामांच्या मुठीत होती. "ती यांच्याकडेच असते," मालक शांतपणे म्हणाले. माझा कानांवर विश्वास बसेना! ठाण्यात मंत्र्यांचा फोन आला आणि तेच खरे ठरले. मामांच्या हातात बेड्या पडल्या. मालकांचा नवा कारखाना उभा राहिला, त्याच्याही मागच्या दाराला बाहेरूनच कुलूप आहे म्हणे.

आता मी कोर्टाच्या कपाटात पुरावा म्हणून पडून आहे. तेल घालणारे कुणी उरले नाही. मित्रांनो, कुलपांची काळजी घ्या, पण आत माणूस असताना बाहेरून कुलूप लावू नका. उद्या मामांचा निकाल आहे. न्यायाधीशांनी मला एकदा तरी हातात घेऊन पाहावे. माझ्या अंगावर दगडाचे खोल घाव आहेत. ज्याच्या खिशात किल्ली असते, तो दगड उचलत नाही.