एडक्याच्या अंगावरच्या लाटा

ही गोष्ट दोन हजार आठ सालच्या दिवाळीतली. त्या वर्षी आमच्याकडे आष्टीला बाजरी बरी आली होती, आणि काढणी उरकताच तात्याबा धनगराच्या मेंढ्या नेहमीसारख्या आमच्या रानात बसल्या. मेंढ्या रात्री रानात बसवल्या की लेंडीखत पडतं. त्याच्या बदल्यात आम्ही धान्य द्यायचो. पुरुषांचं काम तेवढ्यावर संपायचं. मी आणि तात्याबाची बायको सत्यभामा, आम्ही मात्र बांधावर बसून पान खात वर्षभराचं साचलेलं बोलायचो.

पाडव्याला धनगर मेंढ्यांना ओवाळतात आणि वाजतगाजत पळवतात. कळपाचा म्होरक्या नर, म्हणजे एडका, सगळ्यांत पुढे. तात्याबाचा एडका बघायला आसपासच्या तळांवरून माणसं यायची. त्याच्या काळ्याभोर लोकरीत तात्याबा कातरीनं नक्षी काढायचा. पाठीवर वेल, दोन्ही कुशींवर मोर. कुठे लोकर बोटभर राखायची, कुठे पार कातडीपर्यंत उतरायचं, हे सगळं नजरेवर. एडका चालू लागला की मोरही चालायचे. पुढं लोकर वाढली की सारं बुजून जायचं, त्याचं त्याला काही नव्हतं. मी रोज दारात रांगोळी घालते आणि दुपारपर्यंत कोंबड्या ती विसकटतात, त्यामुळे मलाही त्याचं नवल वाटायचं नाही.

त्या साली तात्याबाचा हात कापायला लागला होता. चहाची बशी तोंडाशी नेईपर्यंत निम्मा चहा धोतरावर. त्याचा मुलगा अंगद मेंढी कातरायचा, पण सपाट. पाडव्याच्या आदल्या दिवशी तात्याबानं कातर फडक्यात गुंडाळून ठेवून दिली.

"औंदा एडका तसाच जाईल," एवढंच म्हणाला, आणि भाकरी न खाता अंगदला घेऊन बाजाराला निघून गेला.

अंगदची बायको मोहिनी नवी होती. माहेर माजलगावच्या धरणाकडचं. तिकडे कालव्याचं पाणी आलं तेव्हा तिच्या वडिलांनी मेंढ्या विकून ऊस लावला, म्हणून मेंढरामागच्या रीती तिला ठाऊक नव्हत्या. पण मी तिला पाहिलं होतं. बसलेल्या मेंढीच्या लोकरीत ती बोटानं रेघा ओढायची, मान तिरपी करून बघायची आणि तळव्यानं पुसून टाकायची.

"आत्या, मी कातरू का एडका?" तिनं सासूला विचारलं.

"आपल्यात बाया कातर धरत न्हाईत."

"कावून?"

सत्यभामानं पानाला चुना लावता लावता विचार केला. "कुनी कदी धरली न्हाई म्हनून."

"मग मेंढी अडली की पोटात हात घालून कोकरू बाया काढत्यात, ते चालतं?"

"ते बाप्यांना जमत न्हाई. म्हनून चालतं."

मी हसले. सत्यभामाही हसली, आणि मग म्हणाली, "वत्सलाबाई, तुमच्या गोठ्यात उजेड हाय का?"

एडका आमच्या गोठ्यात आणला. सत्यभामानं शिंगं धरली, मी ओसरीला जात्यावर बसले, म्हणजे कुणी आलंच तर आधी मला दिसावं. मोहिनीनं अंगदची कातर उचलली, पण मोर काढले नाहीत. खांद्यापासून मागच्या पायापर्यंत तिनं लाटा काढल्या, एकीत एक शिरणाऱ्या.

"धरणाचं पानी हाय," ती म्हणाली. "वारं सुटलं की पान्याच्या अंगावर असाच काटा येतो."

शेवटी डाव्या मांडीवर एक बट राहिली, जटेसारखी गुंतलेली, मळकी. मोहिनीनं ती कातरून टाकली. सत्यभामानं मान वळवून पाहिलं आणि तिच्या हातातली शिंगं सुटली.

ती बट बिरोबाची होती. एका साली कळपात रोग शिरला तेव्हा तात्याबानं नवस केला होता: हा एडका तुझा, याच्या मांडीवरच्या बटेला कातर लावणार नाही. कळपात वाढलेल्या सगळ्यांना ते माहीत होतं, म्हणून मोहिनीला सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

"म्हातारं तुला माहेरी धाडल गं," सत्यभामा म्हणाली. मोहिनी भिंतीला टेकून खाली बसली. ती रडलीही नाही.

तात्याबा आणि अंगद बाजाराहून आले. सत्यभामानं ती बट नवऱ्यासमोर धरली. त्यानं ती कपाळाला लावली, फेट्याच्या टोकात बांधली आणि एडक्यापुढं उकिडवा बसला.

"आबा, तिला ठावं नव्हतं," अंगद म्हणाला.

"गप बे."

तात्याबाचा कापरा हात लाटांवरून फिरला, एकदा खाली, एकदा वर.

"मोर कावून न्हाई काढले?"

"मोर तुमचे हायत, मामा," मोहिनी म्हणाली.

त्यानं फेट्याच्या टोकातली गाठ चाचपली. मग म्हणाला, "देवाची लोकर तू घेतलीस. ज्यानं घेतली त्यानंच फेडायची. हितून पुढं दर पाडव्याला एडका तूच कातरायचा. दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई." आणि फडक्यातली कातर काढून तिच्यापुढं ठेवली.

"ह्यो दंड म्हनायचा का बक्षीस?" सत्यभामानं विचारलं.

"तू चुलीकडं बघ. भूक लागलीय."

पाडव्याला एडका पळाला तेव्हा अंगावरचं पाणी हलत होतं. पलीकडच्या तळावरचा उत्तरेश्वर म्हणाला, "तात्याबा, औंदा मोर बुडाले की."

"आष्टीला पानी कुटं बघायला मिळतंय? बघून घे," तात्याबा म्हणाला.

बट बिरोबाच्या ठाण्यावर भंडाऱ्यात ठेवली गेली. एडका म्हातारा होऊन मेला, तो आमच्याच बांधाला पुरला. तात्याबा त्याच्या आधीच गेला. अंगदनं मेंढ्या निम्म्या केल्या. उसाच्या हंगामात तो तेलगावकडे ट्रॅक्टर चालवतो. आमच्या रानात आता मुलगा पोत्यातलं खत टाकतो, मेंढ्या बसत नाहीत. मला पाडव्याला रिक्षा करून त्यांच्या तळावर जावं लागतं. सत्यभामाला आता दिसत नाही. नव्या एडक्याची नक्षी ती बोटांनी चाचपते आणि सुनेला चुका सांगते. त्यातल्या निम्म्या नसतातच.

मोहिनीला आता दुसऱ्या तळांवरूनही बोलावणं येतं. मागच्या पाडव्याला शहरातला एक माणूस फोटो काढायला आला होता. भिंतीवर लावायचे म्हणाला. मोहिनी म्हणाली, "लावा की. पर आदी जरा ह्याचे मागचे पाय धरा." तो दुपारपर्यंत पाय धरून बसला होता.