सोबतीचं माणूस

माणसाच्या डोळ्यांत त्याचं अवघं आयुष्य दिसतं, असं थोर लोक सांगून गेले आहेत. हौसाच्या डोळ्यांखाली मात्र दोन पिशव्या दिसत. त्यात आयुष्य वगैरे काही नाही, चरबी आहे, असं पेणचे डॉक्टर तिला कागदावर आकृती काढून समजावत होते.

"एक, पापणीच्या आतून छेद. व्रण दिसत नाही. दोन, पापणीच्या कडेखालून. त्यात सैल कातडीही काढता येते."

"ही खालची रेघ वाईच उतरली ना डॉक्टर, की नजर रडकी होते," हौसा आकृतीवर बोट ठेवून म्हणाली. जोहे गावच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती.

"तोच धोका असतो," डॉक्टर जरा वरमले. "पण तुम्हाला हे करायचंय कशाला?"

"जो तो इचारतो, रडलीस काय गो? नवरा गेला तवा रडले, त्याला झाली अकरा वर्षं. आता रोज कुठून रडू?"

आतून छेद ठरला. वार बुधवार.

"सोबत कोणीतरी आणा. संध्याकाळपर्यंत तुम्हाला एकटं सोडता येणार नाही."

"मी एकटीच असते."

"त्या दिवसापुरतं हो."

बाहेरच्या बाकावर बसून हौसाने रोह्याला लेकीला फोन लावला. "आई, या वयात तुझे डोळे बघतंय कोण?" निशिगंधा म्हणाली. शिवाय बुधवारी तिच्या नणंदेची हळद होती. मग कारखान्याचा मालक जितेश. "काकी, तू सुट्टी घेतेस ती घेतेस, वर माझा आणखी एक माणूस नेतेस?" शेजारची साबिरा नक्की आली असती, पण ती लेकाकडे मस्कतला होती. तिथून रोज सकाळी न चुकता गुलाबाचं चित्र पाठवायची.

फोनमध्ये एकशे बारा नावं होती. हौसाने ती शेवटपर्यंत सरकवली. गॅसवाला होता, रंगवाला होता, मोटर दुरुस्त करणारा होता. एक नाव नवऱ्याचं होतं.

ती पुन्हा आत गेली.

"डॉक्टर, एकटीला जमंल असं काय हाय?"

"क्रीम आहे."

"त्यानं जातात?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. माणूस प्रामाणिक होता. "लिहून देऊ?"

"द्या."

दिवसातून दोनदा लावायचं होतं.