कोऱ्या जागेचे खिळे

मित्रांनो, मी एक जुना तिरपा टाईप आहे. मराठी छपाईचा सगळा नाजूक भार आजवर माझ्याच खांद्यावर आहे. म्हणजे लग्नपत्रिकेची शेवटची ओळ.

इंग्रजी पुस्तकांतल्या कललेल्या, बारीक शेपटीच्या अक्षरांवर बेतून मला शिशात ओतलं. पुस्तकात दुसऱ्याचं बोलणं आलं किंवा एखाद्या शब्दावर भर द्यायचा असला की माझी आठवण व्हावी, असा बेत होता. जवळा बाजार या गावात विश्वंभरच्या छापखान्यात तसलं पुस्तक कधी आलंच नाही. आली ती ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ ही ओळ, आणि खाली लेकरांची नावं. सरळ टाईपात ती ओळ नोटिशीसारखी दिसते. माझ्यात मात्र लेकरू मान तिरपी करून बोलावतंय असं वाटायचं. लोक कौतुक करायचे.

पुढे दुकानात संगणक आला. त्यातला तिरपा म्हणजे सरळ अक्षराला ढकलून वाकवलेलं. मी मागच्या खोलीत धूळ खात पडलो.

यंदा तांड्यावरचे उत्तमसिंग धाकट्या पुजाची पत्रिका छापायला आले. सोबत थोरली लेक मिना. तिच्या पत्रिकेत मीच होतो, म्हणून तिनं मलाच मागितलं. विश्वंभरनं ओळ जुळवली, नावं वाचून दाखवली : दिपक, शितल, सोमेश्वर.

“शितलचं काढा,” उत्तमसिंग म्हणाले.

शितल मिनाची लेक. दिवाळीत तापानं गेली.

“काहून काढायचं, बा? सोयरीक ठरल्यापासून ही ओळ पाठ केली होती तिनं. साऱ्या तांड्याला म्हणत फिरायची.”

“गेलेलं लेकरू आवतन देतंय व्हय, माय? पाहुणे काय म्हणतील?”

विश्वंभरला तोडगा सुचला. “वर कैलासवासी आजा-पणजांच्या रांगेत घेऊ. बराबर दिसंल.”

“पहिलीतल्या पोरीला कैलासवासी?” मिना म्हणाली. “अजून तिला तो शब्द म्हणताबी येत न्हाई.”

विश्वंभर उगाच चिमटा पुसत बसला. मग उत्तमसिंग हळूच म्हणाले, “नाव नको. जागा राहू द्या.”

मित्रांनो, आमच्या धंद्यात जागा आपोआप राहत नाही. कोऱ्या जागेलाही अक्षरांसारखेच शिशाचे खिळे घालावे लागतात, नाहीतर सगळी ओळ ढिली पडून सांडते. विश्वंभरनं तिच्या नावाची माझी अक्षरं उचलून खणात टाकली आणि तेवढ्याच लांबीचे कोरे खिळे बसवले. ते बुटके असतात. वरून शाईचा रूळ गेला तरी त्यांना शाई लागत नाही. जन्मभर मी लेकरांच्या वतीनं बोललो. इथं माझं काम बाजूला सरायचं होतं. मिना पहिली पत्रिका हातात घेऊन त्या जागेवरून बराच वेळ बोट फिरवत होती.

माझं फार मागणं नाही. मला भंगारात द्यायचं तर द्या. ते कोरे खिळे मात्र कुणीतरी सांभाळा.

पत्रिका वाटून झाल्या. हट्टा गावच्या पाहुण्यांचा उत्तमसिंगांना फोन आला : छपाई कच्ची आहे, एक नाव उठलेलंच नाही.