मिस्त्रींचा कान

कान हेच मिस्त्रींचं भांडवल. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच ते गॅरेजमधून ओरडत, "क्लच गेलाय, सरळ आत घे!" आणि क्लच खरंच गेलेला असे. इंजिन चालू असताना कुणी मध्ये बोललेलं त्यांना खपत नसे, आणि कुणासाठी ते इंजिन बंदही करत नसत. पण ही झाली दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. हल्ली क्लचचं सोडाच, बायकोने शेजारी उभं राहून "चहा घेणार का?" विचारलं तरी मिस्त्री म्हणत, "हं, उद्या देतो."

आता वय झालं, कान उतरले, त्यात काय एवढं? पण कबूल करतील ते मिस्त्री कसले! म्हणे, हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. शेवटी मिस्त्रीणबाईंनी नवऱ्याला न विचारताच कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली, आज संध्याकाळी पाचची. लेकीने तीनदा सांगितल्यावर ते मिस्त्रींना ऐकू आलं आणि ते भडकले. कानात यंत्र घातलेल्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणेल? ही खरी भीती होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

तेवढ्यात पोस्टमास्तरांची तीस वर्षांची गाडी गॅरेजच्या दारात आली. नुसती उभी असली तरी हुडहुडी भरल्यासारखी थरथरत होती. मिसिंग! चारांतला एक सिलिंडर कामच करत नव्हता.

"पैज लावतो," मिस्त्री म्हणाले. "मेलेला सिलिंडर कुठला, ते मी नुसत्या कानाने सांगतो. बरोबर निघालं तर डॉक्टर रद्द."

"आणि चुकलं तर?" जेवणाचा डबा घेऊन आलेल्या मिस्त्रीणबाई हात कमरेवर ठेवून म्हणाल्या.

"तर मुकाट्याने येतो. वाटल्यास दोन्ही कानांत यंत्रं घालतो."

गॅरेज आता लेकच सांभाळत होती. ती हसत स्टिअरिंगवर बसली आणि तिने चावी फिरवली. पुढे बॉनेट उघडलेलं, त्यामुळे तिला काही दिसत नव्हतं. मिस्त्रीणबाईंना दिसत होती ती फक्त नवऱ्याची पाठ.

मिस्त्रींनी कान लावला. गोधडीखालून यावी तशी नुसती गुरगुर आली. सिलिंडर काही कळेना. मग त्यांना जुनी विद्या आठवली. त्यांनी शेजारी ठेवलेल्या बायकोच्या पाण्याच्या पेल्यात बोट बुडवलं आणि इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या चारही नळ्यांवर एकेक थेंब सोडला. ज्या सिलिंडरमध्ये जाळ होतो त्याचीच नळी तापते. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या नळीवर थेंब नाचला आणि उडून गेला. तिसरीवर मात्र तो जावयासारखा ऐसपैस बसून राहिला.

"तीन नंबर!" मिस्त्री गरजले.

लेकीने रबरी मुठीच्या पकडीने प्लगच्या वायरी एकेक करून काढून पाहिल्या. बाकीची कुठलीही काढली की इंजिन आचके देई. तिसरी काढली, तर त्याला पत्ताच नाही! मिस्त्रीणबाईंचा चेहरा पडला.

"बरं बाई, पैज ती पैज," त्या म्हणाल्या आणि जेवणाचा डबा उघडायला लागल्या.

लेकीने तिसरा आणि दुसरा प्लग आपसात बदलून पाहिले. तरी तिसरा सिलिंडर मेलेलाच. म्हणजे प्लगचा दोष नव्हता. ती डोकं खाजवत उभी राहिली.

"अगं, हे टिकटिक काय वाजतंय मघापासून?" मिस्त्रीणबाईंनी विचारलं.

"मलाही येतंय ऐकू," लेक म्हणाली. "पण तसं काही असतं तर बाबा बोलले असते ना!"

मिस्त्री दोघींकडे बघतच राहिले. कसली टिकटिक? त्यांनी बॉनेटखाली पार डोकं घातलं. काही नाही.

लेकीने वाकून पाहिलं. तिसऱ्या प्लगची वायर पत्र्याच्या क्लिपमध्ये अडकवलेली होती. क्लिपच्या कडेने रबर कापलं होतं आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता तिथूनच टिकटिक करत क्लिपवर उडी मारत होती. क्लिप कुणाची? मिस्त्रींचीच! वायर लोंबलेली त्यांना बघवत नसे, म्हणून प्रत्येक गाडीत ते स्वतः पत्रा कापून क्लिपा बसवत.

"मला ऐकू येत नाही गं," मिस्त्री म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदाच. "आणि पैजही मी लबाडीने जिंकलो. पाण्याचे थेंब टाकून."

मग मिस्त्रीणबाईंना हसू फुटलं. "ते मला केव्हाच कळलं. माझ्या प्यायच्या पाण्यात ग्रीस तरंगतंय!"

लेकीने नवी वायर बसवली, क्लिप काढून फेकली. पाच वाजता मिस्त्री मुकाट्याने डॉक्टरांकडे गेले.

काही दिवसांनी पोस्टमास्तरांची गाडी पुन्हा आली, नुसती दाखवायला. मिस्त्रींनी कानात यंत्र घालून बॉनेट उघडलं. चारही सिलिंडर एका सुरात! मिस्त्रींचे डोळे भरून आले. मागे मिस्त्रीणबाई पाठमोऱ्या उभ्या राहून चहा गाळत होत्या.

"दोन वर्षं भिंतीशी बोलले मी," त्या पुटपुटल्या.

"भिंत ऐकतेय," मिस्त्री म्हणाले.

मिस्त्रीणबाईंचा हात थांबला. त्या वळल्या. "मग पुष्कळ सांगायचं राहिलंय."

मिस्त्रींनी खिडकीतून हात आत घातला, इंजिन बंद केलं आणि स्टूल ओढून ते बायकोसमोर बसले.

"पहिल्यापासून सांग," ते म्हणाले.