बिननावाचा संप

माझ्या कॉफीच्या बारच्या डोक्यावर आमच्या गावचा पेपर बसतो. वरच्या मजल्यावर त्यांची कचेरी, खाली मी. पत्रकारांची सगळी तत्त्वं माझ्या काउंटरवर उभ्याउभ्या कॉफी पिताना ठरतात, त्यामुळे मला ती तोंडपाठ आहेत. ती वर जाऊन पाळायची असतात, तो भाग मात्र माझ्या दृष्टीस कधी पडला नाही.

तर झालं असं, की जूनमधल्या एका लग्नात निम्मं वऱ्हाड ओकत दवाखान्यात गेलं. जेवण होतं माझ्या धाकट्या भावाचं, कोसिमोचं. लग्नाच्या पंगती हाच त्याचा धंदा. आरोग्य खात्याच्या डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, स्वयंपाकघर लख्ख आहे, बाधलं ते बुराता चीज. डेअरीच्या गाडीतलं थंड करायचं यंत्र बंद पडलं होतं. आता डेअरी कुणाची? लोपाल्कोशेठची. आणि पेपर कुणाचा? तोही लोपाल्कोशेठचाच. घ्या!

बातमीवर इलारिया होती. तरतरीत पोरगी. डॉक्टरबाई बोलल्या तेच तिने लिहिलं. संपादक तार्चिझिओसाहेबांनी त्यातली गाडी काढली, डेअरी काढली, चीज काढलं. मग बातमीत उरलं कोण? माझा भाऊ. नाव-आडनाव, फोटो आणि वर त्याच्या स्वच्छतेविषयी शंका.

इलारिया तणतणत खाली आली. "ताई, माझ्या बातमीची पार वाट लावली! पण मीही सोडलं नाही. बातमी बदलली तर माझं नाव लावायचं नाही, हा करारातला हक्क आहे माझा. काढायला लावलं नाव!"

"आणि बातमी?"

"ती छापली त्यांनी. बिननावाची."

मग वरचे सगळेच पेटले. सभा झाली, मतं पडली, संप ठरला. आमच्याकडच्या पत्रकारांचा हा संप खास असतो बरं का. कामाला सगळे येतात, पेपर निघतो, पगारही होतो. फक्त लेखाखाली कुणी आपलं नाव येऊ देत नाही. पोटभर जेवून उपास करावा तसं. गावात कुणाला पत्ताही लागला नाही. खेळाचं पान लिहिणाऱ्या व्हितान्तोनिओची आई तेवढी घाबरून फोन करत होती, पोराला काढलं की काय म्हणून.

इकडे कोसिमोची लग्नं एकामागून एक मोडायला लागली. नवरा-नवरीची नव्हे हो, जेवणाची! पोरगा बिचारा माझ्याकडे कप विसळायला उभा राहिला. माझ्या जिवाचं पाणी पाणी होत होतं. मी व्हितान्तोनिओला धरलं. "काय रे, चुकीचं छापलं तर दुरुस्ती छापायची असा तुमचा कायदाच आहे ना? मग मागण्यांत हेही घाला."

"ताई, समजून घ्या," तो साखर ढवळत म्हणाला. "तो वाचकांचा मुद्दा आहे. हा लढा आमच्या सन्मानाचा. मध्येच चीज आणलं तर मागणी पातळ होईल."

शेवटी शेठ नमले, त्यांचं जात काय होतं म्हणा! कुणाच्याही लेखात लिहिणाऱ्याच्या संमतीशिवाय एक शब्द बदलणार नाही, असं कबूल केलं. सगळी फौज आरडाओरडा करत खाली आली, बाटल्या उघडल्या. इलारियाने कोसिमोपुढेही ग्लास धरला. "कोसिमोदादा, जिंकलो आपण!"

कोसिमोने ओले हात पुसले. "तुम्ही सगळ्यांनी आपापली नावं काढून घेतलीत," तो म्हणाला, "आणि माझं तेवढं राहिलं."

इलारियाचा चेहरा खर्रकन उतरला. ती तशीच वर पळाली, आपली मूळ बातमी छापा म्हणून. खाली आली ती रडवेली होऊन. "साहेब म्हणतात, करार म्हणजे करार. एक अक्षर बदलणार नाही. पण छापायचं की नाही ते त्यात कुठे लिहिलंय?"

मी म्हटलं, "मग रडतेस कशाला? कागद देते, बस इथेच."

तिने माझ्या काउंटरवर सबंध बातमी हाताने लिहिली. गाडी, डेअरी, चीज, शेठ, सगळं. खाली आपलं नाव ठसठशीत. मी ती बारच्या काचेच्या दारावर चिकटवली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दाराशी ही गर्दी! दुपारी दोन लग्नवाले कोसिमोला शोधत आले, तेव्हा कुठे माझ्या घशाखाली घास उतरला.

आणि संध्याकाळी इलारियाला नोटीस. का, तर परवानगीशिवाय दुसऱ्या माध्यमात लिहिलं! दुसरं माध्यम म्हणजे माझं दार. हसावं की रडावं!

वरची मंडळी नेहमीसारखी कॉफीला आली. दाराशी थांबून माना डोलवत वाचली बातमी. "काय लिहिलंय पोरीने, वा!" व्हितान्तोनिओ म्हणाला.

"मग आता तिच्यासाठी संप ना?"

"तसं नाही ताई... हा शिस्तीचा प्रश्न झाला. त्यात आम्हाला पडता येत नाही."

माझं डोकंच फिरलं. मी कागद आणि पेन त्याच्या कपाशेजारी आपटलं. "संप नको करूस. ही नोटीस अन्यायाची आहे एवढं दोन ओळींत लिही. दारावर जागा आहे अजून."

त्याने पेन उचललं. दाराकडे पाहिलं, मग वर छताकडे. आणि खाली वाकून हळूच विचारलं, "नाव नाही घातलं तर चालेल ना?"