आठ मुठी मीठ

चटईवर चोवीस कैऱ्या होत्या, एक विळी, वाण्याकडून मागून आणलेला तराजू, त्याची सात वजनं आणि मुलामा उडालेली एक बांगडी. या सगळ्यासमोर आभा मांडी घालून बसली होती. चौथीत गणितात कशीबशी काठावर पास झालेली.

तिला गणिताची गोडी लावायची म्हणून रुचिराआत्या सुट्टीत पनवेलला भावाकडे राहायला आली होती. नुकतीच बी.एस्सी. झालेली. तिनं आभाला एसटी स्टँडवर नेऊन गाड्यांच्या वेळांची वजाबाकी करून पाहिली, रिक्षांच्या नंबरांची बेरीजही. आभा निमूटपणे सगळं करायची आणि विसरून जायची. हे लोणच्याचं गणित मात्र आभानंच काढलं होतं.

आभाची आई माघात गेली. तेव्हापासून कमलाकर, तिचे बाबा, पानावरून अर्ध्यात उठायचे.

"आईच्या लोणच्याशी बाबा दोन पोळ्या जास्त खायचे," आभा म्हणाली. "अगदी तस्संच घालू या. मग जेवतील."

वहिनीचं, म्हणजे आभाच्या आईचं, सगळं माप मुठीचं. मसाला वाण्याकडचा तयार, पण मीठ मुठीनं.

"गेल्या वर्षी तीस कैऱ्यांना दहा मुठी. मीच मोजत होते. म्हणजे तीन कैऱ्यांना एक. यंदा आठ!"

रुचिरा चकित झाली. त्रैराशिक म्हटलं की हिच्या पोटात दुखायचं. "आठ, बरोबर. पण कुणाच्या मुठी?"

आभानं आपली मूठ मिटून पाहिली; ती फारच लहान होती. मग रुचिरालाच सुचलं. वहिनीची बांगडी ज्या हाताला नेमकी बसेल, त्या हाताची मूठही तेवढीच असणार. निदान जवळपास.

दुपारी आभा बांगडी, मिठाचा डबा आणि तराजू घेऊन चाळीत निघाली. रुचिरा मागे. पहिल्याच दारात बाईंनी हात पदराखाली घेतला.

"गेलेल्या बाईची बांगडी कुणी हातात घालतं का गं? तुझ्या आत्याला म्हणावं, पुस्तकाबाहेरचीही चार अक्षरं शिक."

दुसरं दार तर उघडून लगेच लागलं. रुचिराचे कान तापले. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. "चल आभा, राहू दे," ती म्हणाली. पण आभा तिसऱ्या दाराशी पोचली होती.

तिथल्या पद्मजाकाकूंनी डोळे पुसत बांगडी चढवली; नेमकी बसली. मूठ भरली पासष्ट ग्रॅम. पुढच्या दारातल्या गुणाबाईंनाही बसली; त्यांची मूठ साठ. तेवढ्यात मिठाची पाटी घेऊन उरणकडची गोदू जिना चढून आली. दर उन्हाळ्यात वहिनी तिच्याकडूनच जाडं मीठ घ्यायची.

"आण गो बाय. तुजे आयशीची हाय नं? मना कसला भ्याव?" तिनं बांगडी घातली, मूठ भरून पारड्यात टाकली. "ही घे. आनि वजन नीट कर, नाय तं वाण्यासारखी काटा मारशील!"

आभा कितीतरी दिवसांनी हसली. सत्तर ग्रॅम.

"तीन आकडे आले. आता?"

"तिन्हींची बेरीज कर आणि तिनानं भाग. त्याला सरासरी म्हणतात."

आभानं जमिनीवर खडूनं मांडलं. एकशे पंच्याण्णव. भागिले तीन. पासष्ट. मग खडू तसाच धरून तिनं विचारलं, "म्हणजे आई सरासरी होती?"

"नाही गं," रुचिरा म्हणाली. "फक्त मूठ."

आठ गुणिले पासष्ट, पाचशेवीस ग्रॅम. आभानं दोनदा तोलून घेतलं.

लोणचं मुरल्यावर एका रविवारी तिनं बाबांच्या पानात स्वतः फोड वाढली आणि समोर बसून राहिली. कमलाकरांनी घास घेतला. चावता चावता थांबले. 

"चुकलं का, बाबा? मीठ कमी पडलं?"

"नाही गं, बाळा. काहीच चुकलं नाही." "अगदी तिचंच झालंय."

ते उठले आणि मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. पानात पोळी तशीच होती. आभानं रुचिराकडे पाहिलं. कुठली पायरी चुकली ते सांग, असं. रुचिराला एकही सापडली नाही.

पुढं एम.एस्सी.ला गेलेली रुचिरा गणपतीला विद्यापीठातून पनवेलला आली, तेव्हा आभानं वाण्याकडून तराजू आणूनच ठेवला होता. दोघींनी मिळून बरणी उचलून पारड्यात ठेवली. भरली त्या दिवशी ती सहा किलो चारशे ग्रॅम होती. आता सहा किलो तीनशे ऐंशी भरली, त्या रविवारच्या एका फोडीएवढीच कमी.